चिकाचा तांब्या

भातलावणीच्या दिवसांत आमच्या गावात कुणीच माझ्या आईला ओळीच्या मधोमध उभं करत नाही. तिला कडेला, बांधाजवळ जागा मिळते. तिचा हात मंद आहे असं नाही, उलट चांगला उरकतो. पण आई लिहिते, आणि लिहिलेलं तपासायची तिची एक रीत आहे. चिखलात वाकून रोपं लावता लावता ती ते शेजारच्या बायकांना सांगत जाते आणि नजर त्यांच्या हातांवर ठेवते. हात चालू राहिले, की तो मजकूर पडला. घरी आल्यावर ती तो खोडून टाकते. हात थांबले, रोपाची मूठ तशीच अधांतरी राहिली, की तो मजकूर टिकला.

बायकांचे हात थांबतात तिथं ओळ वाकडी होते. आमच्याकडं लावणी एकमेकींच्या शेतात पाळीपाळीनं करतात. आज आमच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. त्यामुळं आईचं लिखाण गावभरच्या खाचरांत पसरलेलं असतं. वेल्ह्याकडं जाणाऱ्या एसटीतून ते दिसतंही. दादा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना खिडकीतून बोट दाखवून सांगतात, "ती वाकडी ओळ बघा. हितं हिच्या जत्रेचा धडा झाला."

आमच्या शेजारच्या पार्वताकाकूंनी तर एकदा सकाळीच दारात येऊन बजावलं होतं, "नंदे, आज तुझं लिवलेलं घरी ठिवून ये बाई. माझं खाचर रस्त्याला हाय. येनारा जानारा बघतो."

मी भोरला हॉस्टेलवर राहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आईविषयी लिहायचं म्हटलं की मला संकोच वाटतो. कारण आमच्या घरात लिहिणारी ती आहे, मी नुसती शिकणारी. ती सातवी झालेली आहे. आणि तिचं लिखाण सुरू झालं ते माझ्यामुळं, तेही माझे मार्क घालवून.

मी पाचवीत होते. बाईंनी 'माझी शाळा' असा निबंध घरून लिहून आणायला सांगितला होता. मी लिहिलं, 'माझी शाळा फार सुंदर आहे. शाळेसमोर बाग आहे.' आईनं भाकरी थापता थापता ते ऐकलं आणि म्हणाली, "बाग कुठाय तुज्या शाळंत?"

"निबंधात असं लिहायचं असतं."

"मनाचं न्हाई घालायचं," आई म्हणाली. तिनं हात धुतले, पेन घेतलं आणि लिहायला बसली. त्या दिवशी आमच्याकडं रात्रीच्या जेवणाला सकाळच्याच भाकरी होत्या. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात वाचलं. त्यात शाळेच्या एका भिंतीला गोठा होता आणि पाढे म्हणताना पलीकडून म्हैस रेकली की गुरुजी तिलाही गप्प बस म्हणत. सगळा वर्ग हसला. बाईंनी मात्र लाल पेनानं शेरा मारला, 'ही आपली शाळा नाही.'

आई लगेच शाळेत गेली. डोक्यावर पदर घेऊन बाईंसमोर उभी राहिली. "बाई, शाळा माझी हाय. करंजवाडीची. धरनात गेली ती. निबंध बी माझाच हाय. पोरीला मार्क देऊ नका, पर खोटं म्हनू नका."

करंजवाडी हे आईचं माहेर. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आई साधारण माझ्या त्या वेळच्याच वयाची होती. वाडीतली माणसं दूर देशावर वसवली गेली, कुणी या वस्तीला, कुणी त्या. आईचे आईवडील तिच्या लग्नानंतर लवकरच गेले. मामा आहे, पण वाडी उठली तेव्हा तो रांगत होता. म्हणजे करंजवाडी डोक्यात घेऊन फिरणारी आमच्या घरात आई एकटीच. त्या निबंधापासून तिनं ती डोक्यातून कागदावर उतरवायला घेतली.

ती गोठ्यात बसून लिहिते, उपड्या घमेल्यावर. घरात बसली की कुणीतरी हाक मारतं आणि गोठ्यात आलं की हाक मारणाऱ्याला शेण काढावं लागेल अशी भीती वाटते, असं तिचं म्हणणं. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची पाठ किंवा मी आणलेल्या झेरॉक्सची कोरी बाजू. चुलीवर काही ठेवून गेली असेल तर ते करपतंच. भाकरी ताटात आली की दादा ती उलटी करून बघतात. "आज लई लिवलंस वाटतं." जितकी काळी, तितकं लिखाण जास्त, हा त्यांचा हिशोब आजवर चुकलेला नाही.

तरी दादांनी तिला कधी अडवलं नाही. अडवून उपयोग नसतो हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं असावं.

गावातल्या बायकांना आधी भीती वाटायची, ही आपल्यावर काहीतरी लिहील. मग आपल्यावर काहीच लिहीत नाही म्हणून राग येऊ लागला. पार्वताकाकू एकदा फुरंगटून म्हणाल्या, "सारखं आपलं म्हायार. आमी काय तुज्या कुणी न्हाई का? आमच्यावर बी लिव की."

आई म्हणाली, "तुमी अजून बुडाला न्हाई, काकू."

आता मुख्य गोष्ट.

गेल्याच्या मागच्या वर्षी आईनं 'चिकाचा तांब्या' लिहायला घेतलं. म्हैस व्याली की पहिल्या दिवसांचं जे घट्ट दूध निघतं, तो चीक. करंजवाडीत कुणाचीही म्हैस व्याली तरी चीक घरोघर वाटायचा आणि घरचा तांब्या घेऊन फिरायचं काम आईकडं असायचं. तांब्या रिकामा परत द्यायचा नाही, ही रीत. त्यामुळं आईच्या लिखाणात वाडी वरच्या टोकापासून नदीपर्यंत घराघरानं येते, आणि कुणी तांब्यात काय घातलं ते येतं. एका घरानं मूठभर नाचणी, एकानं गुळाचा खडा. एका म्हातारीनं नेहमी सुकी मिरची, आणि वर "तुज्या आयला सांग, मागल्या बारीला चीक पातळ हुता." लावणीत हे सांगताना बायकांचे हात असे थांबले की पार्वताकाकूंच्या खाचरात, रस्त्याच्या कडेलाच, ओळीला चक्क कोपरा आला.

वाडीचं अगदी शेवटचं घर होतं तात्यांचं. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. तात्यांचं आणि माझ्या आजोबांचं बांधावरून भांडण होतं, दोन्ही घरांत बोलणं बंद. आईनं लिहिलं होतं, 'तात्यांच्या दाराला आमचा तांब्या कधी लागला नाही. मी तिथून पळत जायची.'

लिखाण तिथं संपायला हवं होतं, कारण पुढं नदी. पण आईला आणखी एक दार आठवत होतं. बुटकं, शेजारी शेवग्याचं झाड, खाली ओली दगडाची पायरी. तिथून एक हात बाहेर यायचा, तांब्या आत जायचा आणि रिकामा परत यायचा. अख्ख्या वाडीत हे एकच घर तांब्या रिकामा द्यायचं. पण आईच्या मुठीत मात्र भाजलेल्या आठळ्या असायच्या, फणसाच्या, पावसाळ्यासाठी जपून ठेवलेल्या. दार आठवत होतं, हात आठवत होता, बांगड्या आठवत होत्या. घर कुणाचं ते आठवत नव्हतं.

"एखादं नाव घाल की," मी म्हटलं. "कोण बघायला येणार आहे?"

"मानूस मनाचं घालायचं आसतं व्हय?" ती माझ्यावर उखडली. "तिनं मला आठळ्या दिल्यात. दुसरीचं नाव कसं घालू?"

तेव्हापासून तिनं ते घर शोधायला घेतलं. वेल्ह्याच्या बाजारात भाजी घेताना ती विकणारणीला विचारायची, "तुमी मूळच्या कुठल्या?" एसटीत शेजारी म्हातारं माणूस बसलं की हाच प्रश्न. एकदा एका कंडक्टरनं तिकीट विचारलं तर तिनं त्याला त्याचं मूळ गाव विचारलं. शेवटी तिनं मामाच्या मोबाईलवरून सगळ्या वस्त्यांना आवाज पाठवला, "करंजवाडीच्या मानसांनो, मी नंदा. मला एक घर गावत न्हाई. कुनाला ठावं आसलं तर सांगा." उत्तरादाखल पुष्कळ गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ आली. घर आलं नाही.

त्याच हिवाळ्यात वेल्ह्याच्या वाचनालयात तालुक्यातल्या लिहिणाऱ्यांचा मेळावा ठरला. मी भीत भीत आईचं लिखाण तिथल्या सरांना दाखवलं. त्यांना आवडलं. आईला बोलावून ते म्हणाले, "ताई, उत्तम आहे. फक्त ते शेवटचं दार गाळा. त्यानं लेख अर्धवट वाटतो."

"गाळू कसं? तिथल्या आठळ्या खाल्ल्यात म्या."

"अहो, पण कुणाचं ते तुम्हालाच माहीत नाही."

"म्हणून तर वाचनार हाय. वाडीला निरोप धाडलाय, मानसं येतील. कुनीतरी सांगंल."

आणि माणसं आली खरी. कार्यक्रम सुरू झाल्यावर दारात एक टेम्पो थांबला आणि त्यातून देशावर वसलेली करंजवाडीची दहाबारा म्हातारी माणसं उतरली. आईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि ती एकेक चेहरा ओळखायला लागली. त्यांत तात्या होते. पांढरी टोपी, हातात काठी. ते थेट पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या मागं डोळ्यांपर्यंत पदर ओढलेली त्यांची बायको. आई त्यांना काकी म्हणते.

आईनं वाचायला घेतलं. मिरचीवाल्या म्हातारीचं आलं तेव्हा टेम्पोवाली मंडळी इतकी हसली की एकीला ठसका लागला. नाचणी आली, गूळ आला. मग तात्यांचं घर. आई जरा अडखळली, पण तिनं वाचलं, "तात्यांच्या दाराला आमचा तांब्या कधी लागला नाही."

"बराबर!" तात्यांनी काठी फरशीवर आपटली. "कदी न्हाई!"

लोक हसले. आईही हसली. मग तिनं बुटकं दार वाचलं, शेवगा वाचला, आठळ्या वाचल्या, आणि कागद खाली घेऊन म्हणाली, "हे घर कुनाचं ते मला आठवत न्हाई. हितं वाडीची मानसं हायेत. कुनाला ठावं आसंल तर सांगा."

सरांनी घड्याळाकडं पाहिलं. आई तशीच उभी राहिली. ती हलणार नाही हे मला माहीत होतं.

मग तात्या उठले. "पोरी, माझं घर शेवटचं. त्याच्या खाली नदी. त्या म्होरं तू घर कुठनं आनलंस? सगळं ब्येस लिवलंस, पर ह्ये मनाचं घातलंस."

आईला कुणी हे म्हणावं, आणि तेही वाडीच्याच माणसानं, वाडीच्या माणसांपुढं. तिचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "मनाचं न्हाई वो तात्या," एवढंच ती म्हणाली. टाळ्या झाल्या. ती खाली उतरली.

चहा वाचनालयाच्या मागं होता, पाण्याच्या टाकीपाशी. आई कप घेऊन कडेला उभी होती. काकी भिंतीच्या कडेनं आल्या आणि त्यांनी आईचं मनगट धरलं.

"नंदे, त्ये दार तू म्होरनं बघितलंस का मागनं?"

"म्हंजी?"

"म्होरच्या दारानं तू पळत जायाचीस. बघत हुते की मी. आन् पळत कुठं जायाचीस? वळून माझ्या परसात. शेवगा माझाच न्हवं का?"

आईचा कप कलला. चहा तिच्या पायावर सांडला तरी तिला कळलं नाही.

"तुजी आय आन् मी एकाच सालात नांदायला आलेलो," काकी म्हणाल्या. "लई जीव एकमेकीवर. मग बापय मानसांचा बांद निगाला. त्यांचं भांडान, आमी काय करावं? ती तुला मागनं पाटवायची. तांब्यात काय घातलं तर तुज्या घरी इचारलं आसतं, ह्ये कुणी दिलं म्हून. मग तुज्या मुठीत आठळ्या. तू वाटंतच संपवायचीस."

"मग म्या इसरले कशी, काकी?"

"आमी दोगींनी तुला बजावलं हुतं, कुनाला सांगायचं न्हाई." काकींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. "पर सोत्तालाबी सांगायचं न्हाई, आसं कुठं म्हनलं हुतं गं आमी!"

आई हसली. इतकी हसली की तिला टाकीला हात टेकावा लागला. काकीही हसल्या. तेवढ्यात टेम्पोजवळून तात्यांची हाक आली, "काय कुजबुज चाललीया? चला की!" आणि काठी टेकत ते स्वतःच तिथं आले. काकींचा हात आईच्या मनगटावर घट्ट झाला. बांध पाण्याखाली जाऊन इतकी वर्षं झाली, पण तात्या अजून त्याच्याविषयी बोलायचे. आपल्या घरून त्या घरी काही जात होतं, हे त्यांना या वयात ऐकवायचं कुणी?

"पोरी," तात्या आईला म्हणाले, "राग मानू नगं. पर त्येवढं दार काडून टाक. न्हवतं ते."

मी आईकडं बघत होते. ज्या बाईनं माझ्या निबंधातली बाग चालू दिली नाही, जी एका दारासाठी महिनोन्‌महिने कंडक्टरांना गाव विचारत फिरली, ती आता काय म्हणेल? सगळी माणसं अजून तिथंच होती. एका वाक्यात ती खरी ठरली असती.

"व्हय तात्या," आई म्हणाली. "म्याच मनाचं घातलं. काडते."

मेळाव्याच्या अंकात लेख छापून आला तेव्हा तो तात्यांच्या पुढच्या दारापाशी संपला होता. सर म्हणाले, "बघा ताई, मी सांगितलंच होतं, किती नेटका झाला." आई त्यावरही हो म्हणाली. घरी दादांनी विचारलं, "मग सापडलं का घर?" तर ती म्हणाली, "तसं घर न्हवतंच," आणि गोठ्यात निघून गेली. त्या दिवशी भाकरी करपली नव्हती, म्हणजे ती नुसतीच बसली असणार.

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. आई देशावर जाऊन काकींना भेटून आली. ती आल्यावर मी म्हटलं, "आता तरी ते दार परत घाल. आता कुणाला वाईट वाटणार?"

"मला न्हाई जमायचं," आई म्हणाली.

"का?"

"आय म्हनली हुती, कुनाला सांगू नगंस. ती काय 'आता सांग' म्हनायला परत यायची हाय?" मग थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली आणि सुपातून मान वर न काढता म्हणाली, "पर तुला तिनं कुठं बजावलंय? तू लिव. काकीला इचारून आलेय मी. नावं घालू नगंस म्हंजी झालं."

म्हणून हे मी लिहिलं आहे. लिहिताना ती शेजारी बसून होती. मी प्रत्येक ओळ वाचून दाखवायची आणि ती ऐकून घ्यायची. दाराशी आले तेव्हा ती म्हणाली, "थांब. एक ऱ्हायलं. काकी दार उघडायच्या आदी आतनंच इचारायची. हळूच. 'आय बरी हाय न्हवं गं?' म्या नुसती मान हलवायची. बोलले तर म्होरं ऐकू गेलं आसतं. ते लिव."

मी ते लिहिलं. मग विचारलं, "आणि तू घरी परत गेलीस की आजी काय विचारायची?"

"तेच," आई म्हणाली. "'काकी बरी हाय न्हवं?'"